मीटरमधला पिवळा दिवा

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नोकरीतले बरेचसे गुन्हे, आरोपी, कोर्टाच्या तारखा डोक्यातून निघून गेल्या. पण ती एक सकाळ आणि गाडीच्या मीटरमधला तो चिमुकला पिवळा दिवा काही केल्या जात नाही. पोलिसाने हुशारी दाखवली अशी प्रकरणं सांगायला बरी वाटतात. लग्नाकार्यात बसलो की लोक तीच विचारतात. हे प्रकरण मी तिथे कधी काढलं नाही. आज लिहायला बसलो तेही दोनदा उठून पाणी पिऊन आल्यावर.

त्या वेळी मी चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्यापासून आत जंगलाच्या बाजूला असलेल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाणं लहानच. समोर कडूनिंब, त्याखाली आमची सरकारी जीप, आणि मागे काटेरी तारांच्या आवारात अपघाताची आणि जप्तीची वाहनं. दिवाळी होऊन गेली होती. आमच्याकडे त्या दिवसांत डांबरी रस्ता म्हणजे अर्धा रस्ता आणि अर्धं खळं असतं. सोंगलेलं, म्हणजे कापलेलं, सोयाबीन लोक सरळ रस्त्यावर पसरून देतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या त्यावरून गेल्या की शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात, मळणीयंत्राचं भाडं वाचतं. हे कायद्यात बसत नाही हे त्यांनाही ठाऊक आणि आम्हालाही. पण पोटापाण्याच्या गोष्टीत ठाणेदाराने किती नाक खुपसायचं? आमची जीपसुद्धा त्यावरून जायची. एखादी म्हातारी हात दाखवायची, "भाऊ, अजून दोन चक्कर मारून द्या ना," आणि आमचा ड्रायव्हर हसत हसत मारून द्यायचा.

तर त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फोन आला. जंगलाच्या रस्त्यावर गाडी झाडाला धडकली, बाई जागेवरच गेली. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी, ड्रायव्हर आणि आमचा जुना हवालदार असे जीपने निघालो. हवालदार इथलाच, शेतकऱ्याच्या घरचा, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेला. मी त्याला भाऊ म्हणायचो. बोलायचा कमी, पण बोलला की ऐकावं लागायचं. मी नेहमी ऐकलं असं नाही.

पांढरी गाडी आडवी घसरत जाऊन सागाच्या झाडाला डाव्या अंगाने बसली होती. दहाएक वर्षांची, जुनीच विकत घेतलेली. उजवीकडून पाहिलं तर काही झालंच नाही असं वाटावं. डावीकडून पाहवत नव्हतं. मागच्या सीटवर साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, ओटीची साडी, नारळ आणि गव्हाचं पुडकं जसंच्या तसं होतं. बाईच्या भाचीचं साक्षगंध होतं त्या दिवशी. गाडी चालवणारे तिचे यजमान रस्त्याच्या कडेला बसले होते, अंगावर साधा ओरखडा नाही.

ते गुरुजी माझ्या ओळखीचे. जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. तीनेक आठवड्यांपूर्वीच मुलांना ठाणं दाखवायची परवानगी मागायला आले होते आणि माझ्यासमोर बसून चहा पिऊन गेले होते. त्या चहाचं पुढे सांगायचंच आहे. त्या सकाळी मात्र मला त्यातलं काहीएक आठवलं नाही.

गुरुजी एवढंच सांगत होते की रोही आडवी आली. रोही म्हणजे नीलगाय, आमच्या भागात रोज दिसणारं जनावर. वेग पन्नासच्या आतच होता. ब्रेक दाबला, लागलाही, पण गाडी थांबायच्या ऐवजी घसरतच गेली. स्टेअरिंग फिरवलं, तर गाडी वळेचना. रस्त्यावर चारही चाकांचे काळे पट्टे उमटले होते, त्यांची मापं मी पंचनाम्यात घेतली. मग गुरुजी मध्येच म्हणाले, "दिवा तर विझला होता साहेब. विझला म्हणूनच तर ती बसली." धक्क्यात माणूस काहीही बोलतो, असं धरून मी ते लिहून घेतलं नाही. नोकरीत मी केलेल्या चुका मोजायला बसलो तर ही वरच्या पाचांत येईल.

आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, शवविच्छेदन झालं, गाडी ओढून ठाण्याच्या आवारात आणली. अपघात म्हणून कागद पुढे सरकायचे, तेवढ्यात तिसऱ्या दिवशी फोन आला. नाव सांगितलं नाही. "मागच्या डाव्या चाकाजवळ पाहा. तार कापली आहे. मिस्त्रीले विचारा." आणि फोन ठेवून दिला. ठाणे अंमलदाराच्या शेजारी हवालदार बसलेला होता. रिसीव्हरमधून आलेला आवाज त्याने लगेच ओळखला. गुरुजींचा साळा. आदल्या दिवशी पंचांसमक्ष गाडीतलं सामान घ्यायला आला होता, तेव्हा वाकून वाकून चाकं पाहत होता म्हणे. बहीण गेलेला माणूस, कुणावर तरी राग काढायला शोधणारच. पण खबर ती खबर. मी आवारात गेलो आणि वाकलो. मागच्या डाव्या चाकाच्या आतून एक बारीक काळी वायर येत होती. तिचे दोन तुकडे झाले होते आणि दोन्ही टोकं लोंबत होती.

खरं सांगतो, त्या क्षणी मला बाईचं दुःख झालं नाही. सापडला, असं वाटलं. ठाणेदाराच्या डोक्यात हा किडा असतोच.

मिस्त्री म्हणजे बसस्टँडच्या चौकातला गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. टिनाचं शेड, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग. बाप रेडिओ दुरुस्त करायचा, हा गाड्यांच्या वायरिंगमध्ये आला. मुसलमान मोहल्ल्यातला, पण चाळीस गावांचे ट्रॅक्टर, जीपा, कार त्याच्याच हाताखालून जायच्या. चौकशी केली तर चौकातल्या दोघांनी सांगितलं की आठ-पंधरा दिवसांपूर्वी गुरुजींची आणि त्याची शेडमध्ये बाचाबाची झाली होती. झालं! तार आहे, भांडण आहे, गाडी त्याच्या हातात होती. मी त्याला नोटीस देऊन बोलावलं.

एवढ्यात गावात कुजबूज पसरली. अशा कुजबुजीला एक वेगळा वास असतो, पोलिसाला तो लगेच येतो. कोणी म्हणे, मुद्दाम केलं. कोणी म्हणे, यांचं असंच. संध्याकाळी शेडच्या टिनावर दोन-तीन दगड पडले. मिस्त्रीची बायको ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. माझ्याकडे तिने काहीच मागितलं नाही, नुसती बसून राहिली. मी चौकात दोन शिपाई उभे केले. आता हे प्रकरण नुसत्या अपघाताचं राहिलं नव्हतं. मी काय लिहितो यावर एका माणसाचं घरदार राहतं की जातं हे ठरणार होतं, आणि कदाचित गावाची शांतताही.

मिस्त्री स्टुलावर बसला. पंचेचाळिशीचा, शांत, बोटांना काळं वंगण मुरलेलं. मी दोन तास विचारत होतो. खोटं बोलणारा माणूस आधी आपल्या इमानदारीचं सांगतो, असा माझा अनुभव. हा स्वतःबद्दल काहीच सांगेना. तार कापली का? "नाई साहेब." भांडण झालं का? "थोडंसं." कशावरून? "दिव्यावरून." कोणता दिवा? आणि इथे आला की मान खाली. त्याची नजर मला टाळत होती. मी मनात नोंद केली की हा गुन्हेगार आहे. तो मला का टाळत होता हे मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

मी वैतागून बाहेर आलो, तर आवारात आमचा हवालदार खाकी कपड्यांनिशी गाडीखाली उताणा पडलेला. दोन पाय तेवढे बाहेर.

"साहेब, इकडे या," तो आतूनच म्हणाला. मग घासत बाहेर आला आणि मूठ उघडून दाखवली. तुटलेल्या काड्या, शेंगांची टरफलं, वळून वळून दोरीसारखं झालेलं कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा. "चाकाच्या आतून काढलं. हे ब्लेडचं काम नाई साहेब. रस्त्यावरचं सोयाबीन चाकात गुंडाळून गेलं न त्यानंच तार ओढून तोडली. आमच्या ट्रॅक्टरचं असंच होते."

मी त्याच्यावर ओरडलो. म्हणालो, तू तपास शिकवू नको, कपडे झटक. त्याने कपडे झटकले, पण ते कुटार कागदात बांधलं, वर तारीख घातली आणि पंचांच्या सह्या घेऊन मुद्देमालात ठेवलं. माझ्या ओरडण्याकडे त्याने दुर्लक्ष केलं म्हणून पुढे एक निरपराध माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक आले. तरुण पोरगा, पण कामात पक्का. त्याने आधी तुटलेली वायर भिंगाखाली धरली आणि मला दाखवली. ब्लेडने कापलेल्या वायरीचे सगळे धागे एका पातळीत असतात. हिचे धागे लहानमोठे, ताणून तुटलेले. हवालदार माझ्या मागेच उभा होता. मी मागे वळून पाहिलं नाही.

मग निरीक्षकाने मला समजावलं. गाडीत एबीएस नावाची सोय असते. आपण घाबरून ब्रेक कचकन दाबला तर चाकं जाम होतात आणि गाडी घसरत जाते. स्टेअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. एबीएस ब्रेक क्षणाक्षणाला सोडून-धरून चाकं फिरती ठेवतं, म्हणून गाडी वळवता येते. त्यासाठी प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग सांगतो. ही वायर त्या सेन्सरची. ती तुटली की सगळं एबीएस आपोआप बंद पडतं. साधा ब्रेक चालूच राहतो, त्यामुळे रोजच्या चालवण्यात काहीच कळत नाही. कळावं म्हणूनच मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो, आणि दुरुस्ती होईपर्यंत विझत नाही.

गाडीचं इंजिन शाबूत होतं. त्याने चावी फिरवली. पिवळा दिवा लागला. इंजिन सुरू केलं. दिवा विझला.

मी म्हणालो, "विझला. म्हणजे ठीकच होतं की."

त्याने हातातलं यंत्र गाडीला जोडलं, थोडा वेळ पाहिलं आणि यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. "सर, गाडीचा संगणक सांगतो आहे की मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर मेलेला आहे, दिवा लाव. आणि दिवा विझलेला आहे. मध्ये कुणीतरी बसलं आहे."

त्याने पेचकस मागितला. मीटर बाहेर काढलं. मागच्या बाजूला हिरव्या-निळ्या वायरींच्या जुडग्यात लाल वायरीचा बोटभर तुकडा होता, चिकटपट्टी गुंडाळलेला. एबीएसच्या दिव्याचं खरं कनेक्शन तोडून तो दिवा ऑइलच्या दिव्याला जोडून दिला होता. ऑइलचा दिवा चावी फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. त्याच्याबरोबर हाही विझणार. पाहणाऱ्याला वाटेल सगळं उत्तम आहे. निरीक्षक म्हणाला, "जुन्या गाड्या विकताना करतात हे. पण हे काम नवीन आहे, चिकटपट्टीवर धूळही नाही."

लाल वायर, ऑइलचा दिवा, इंजिन सुरू झालं की विझणार. हे मी आधी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, हे आठवू नये म्हणून माझं मन धडपडत होतं, एवढं मला आज कबूल करता येतं.

तो लाल तुकडा घेऊन मी आत गेलो आणि मिस्त्रीसमोर टेबलावर ठेवला. जबाब लिहायला रायटर बसला होता, हवालदार दाराशी उभा होता. मिस्त्रीने तुकड्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"हे मी केलं," तो म्हणाला. "तार नाई कापली, पण दिवा मी विझवला."

मग त्याने सगळं सांगितलं. सोयाबीनच्या दिवसांत अशा गाड्या यायच्याच. गुरुजी शाळेच्या वाटेवर रोज पालकांच्या सोयाबीनवर दोन-दोन चक्कर मारून द्यायचे, माणूस तसा परोपकारी. दिवा लागला तेव्हा ते मिस्त्रीकडे आले. तो म्हणाला, सेन्सर गेला असेल, नागपूरहून मागवावा लागेल, गाडी चार दिवस ठेवा. गुरुजींना घाई होती. साक्षगंध तोंडावर आलं होतं आणि घरची माणसं दिवा विझल्याशिवाय गाडीत पाय ठेवायला तयार नव्हती. त्यावरून बोलाबोली झाली. मिस्त्री थांबला.

"पुढे?" मी म्हणालो.

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "गुरुजी बोले, ठाणेदार साहब ने भेजा है. साहेबाच्या गाडीचं अर्ध्या घंट्यात करून देल्लं, मले काऊन चार दिवस? जसं त्याइच्या गाडीचं केलं, तसंच करून द्या. साहब, आपका नाम लिया. मैं क्या बोलता?"

आणि मला तो चहा आठवला. शब्द न् शब्द आठवला.

परवानगीच्या अर्जावर मी सही केली होती. चहा पिता पिता गुरुजी सहज म्हणाले होते की गाडीत एक पिवळा दिवा लागतो, बायको म्हणते हा विझेपर्यंत मी बसत नाही. आणि मी हसलो होतो. म्हणालो होतो, "अहो, एवढंच ना? आमच्याही जीपमध्ये लागायचा. चौकातल्या मिस्त्रीकडे जा, माझं नाव सांगा. दोन मिनिटांत विझवतो." वर आणखी म्हणालो, "घरच्यांना काय, दिवा विझल्याशी मतलब."

ठाणेदार दिवसाला पन्नास लोकांना पन्नास सल्ले देतो. लोक ते डोक्यावर घेऊन जातात, कारण साहेब म्हणाले. आणि साहेब विसरून जातात.

आमच्या जीपचं असं झालं होतं. आदल्या वर्षी, याच दिवसांत, तिचाही दिवा लागला. ड्रायव्हर म्हणाला, जिल्ह्याच्या मोटार परिवहन विभागात पाठवावी लागेल, आठ-दहा दिवस गाडी नाही मिळायची. समोर मोठा बंदोबस्त होता. मी म्हणालो, दिवा विझला पाहिजे, कसा ते मला विचारू नको. संध्याकाळी जीप आली, दिवा विझलेला. ड्रायव्हरने मला हसत हसत सांगितलंही होतं की ऑइलच्या दिव्याला लाल वायर मारली आहे. मीही हसलो होतो. वर्षभर त्याच जीपमधून मी, माझे शिपाई, पकडलेले आरोपी, एकदा तर अडलेली बाळंतीण दवाखान्यात नेली. त्या सकाळी अपघाताच्या जागीही मी तिच्यातूनच गेलो होतो.

लगेच म्हणालो असतो की लिही, सगळं लिही, तर आज सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मी उठून बाहेर गेलो. माठातलं पाणी प्यायलो. कडूनिंबाखाली जीप उभी होती. माझ्या मनात स्वच्छ विचार आला की एवढं वाक्य गाळता येईल. मिस्त्री तोंड उघडणार नाही, दोन दिवस त्याने उघडलंच नव्हतं. माझी अब्रू झाकायला तो माणूस दगड खात बसला होता. रायटर माझा, हवालदार माझा. सेवानिवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. मी जीपमध्ये बसलो आणि चावी फिरवली. पिवळा दिवा लागला. इंजिन सुरू केलं. विझला.

पायरीवर मिस्त्रीची बायको अजून बसलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून उभी राहिली, साहेबापुढे राहतात तशी. मला धरणी दुभंगावी असं झालं.

आत जाऊन मी रायटरला म्हणालो, "लिही. जसं म्हणाला तसं लिही. माझ्या नावासकट."

रायटर हवालदाराकडे पाहायला लागला. हवालदार म्हणाला, "साहेब सांगून राह्यले न. लिही मंग."

त्याच दिवशी मी उपविभागीय अधिकाऱ्यांना लेखी कळवलं की या प्रकरणात मी स्वतः साक्षीदार आहे, तपास माझ्याकडून काढावा. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. माझी खातेनिहाय चौकशी झाली, वेतनवाढ रोखली गेली, आणि दोन मित्र म्हणाले की कशाला उकरून काढलंस. मिस्त्रीवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला, तो लागायलाच हवा होता. पण मुद्दाम तार कापल्याचा आळ पुसला गेला. मी स्वतः चौकात उभं राहून लोकांना सांगितलं की तार सोयाबीनने तुटली आणि दिवा विझवायला त्याला माझ्या नावाने सांगितलं गेलं. साळा गर्दीत होता. तो मान खाली घालून निघून गेला.

जामीन झाल्यावर चार दिवसांनी मी जीप घेऊन मिस्त्रीच्या शेडवर गेलो. म्हणालो, आधी लाल वायर काढ. त्याने मीटर खोलून ती तोडली, खरं कनेक्शन परत जोडलं, आणि जीप सुरू करताच पिवळा दिवा लागला तो लागूनच राहिला. वर्षभर तो आतल्या आत हेच सांगत होता. मग मिस्त्रीने मागचं चाक खोललं. आत मुठीएवढं कुटार घट्ट बसलं होतं, सेन्सरच्या तोंडावर माती आणि ग्रीसचा थर. त्याने ते सगळं काढलं, सेन्सर फडक्याने पुसला, घासलेल्या वायरीला नवीन तुकडा लावून ती वर बांधून दिली. चाक बसवलं आणि म्हणाला, एक चक्कर मारून या. मी बाजारापर्यंत गेलो. अर्ध्या वाटेत दिवा आपला आपण विझला.

नवा सेन्सर लागला नाही, नागपूरला जावं लागलं नाही. घड्याळ पाहिलं तर तासाच्या आत सगळं झालं होतं. मिस्त्री फडक्याने हात पुसत उभा होता. तो म्हणाला, "साहब, चाक खोलून कोणीच पाहिलं नाई. न मी, न तुमी." गुरुजींच्या गाडीचंही एवढंच काम होतं. वायर जोडायची आणि कुटार काढायचं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी मोठं काही सांगू शकत नाही. आपल्याकडे दुखणं बरं करण्यापेक्षा तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करायची सवय फार, आणि पोलीस ठाण्यात तर ती अंगवळणी पडलेली असते. दुसरं म्हणजे साहेबाने गमतीत टाकलेला शब्द खाली जाईपर्यंत हुकूम होतो. हे मला पस्तीस वर्षं नोकरी करून कळलं नव्हतं. आता शेजारीपाजारी कुणी सल्ला विचारला तर मी आधी सांगतो की मला माहीत नाही.

तेरवी झाल्यावर मी गुरुजींच्या घरी गेलो, गणवेश न घालता. ओसरीत शेणाने सारवलेलं होतं, भिंतीला टेकून ते बसले होते. त्यांचा जबाब नव्या अधिकाऱ्याने नोंदवला होता, लाल वायरीचं त्यांना कळलं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली. मी विचारलं की पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं, मी पाठवलं म्हणून.

"तुमचं नाव कशाले घ्याचं साहेब," गुरुजी म्हणाले. "तुमी तर चांगल्यासाठीच सांगतलं. तुमाले तरी कुठी मालूम होतं, का तो नुसता दिवा झाकते म्हणून."

त्यांनी मला सुटकेची वाट करून दिली होती. मान हलवून निघून आलो असतो तर त्यांच्या मनात मी शेवटपर्यंत चांगला माणूस राहिलो असतो.

"मला मालूम होतं, गुरुजी," मी म्हणालो. "माझ्या गाडीत तेच केलेलं होतं. मला सगळं माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आत कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला.

"मंग सांगाचं होतं न साहेब," ते म्हणाले. "एसटीनं गेलो असतो आमी."

मी उठलो आणि चपला घालून निघालो. रस्त्यावर अजून कुणाचं तरी सोयाबीन पसरलेलं होतं, मी त्याच्या कडेकडेने चालत ठाण्यावर आलो.